देमार चित्रपटांची प्ररोचना

नाटक सुरू होण्यापूर्वीं प्रेक्षकांचें मन त्याकडे ओढून घ्यावें, ही कल्पना भरतमुनींच्या नाट्यशास्त्राइतकी जुनी आहे. पूर्वरंगाचीं जीं अंगें त्या ग्रंथांत सांगितलीं आहेत, त्यांतील शेवटच्या अंगाला प्ररोचना असें नांव आहे. प्ररोचना म्हणजे रुचि उत्पन्न करणें. सूत्रधारानें पुढें यावें, होऊं घातलेल्या प्रयोगाची थोडी वाखाणणी करावी, आणि प्रेक्षकांनीं सावरून बसावें, एवढेंच तिचें काम. कथा सांगून टाकणें हें तिचें काम नव्हे; आणि जें नाटकांत नाहीं तें आहे म्हणून सांगणें हेंहि नव्हे.

भारतीय चित्रपट जन्मास आला तेव्हां त्यालाहि प्ररोचनेचा आश्रय करावा लागला. दादासाहेब फाळके १९१३ सालीं तयार झालेला आपला 'राजा हरिश्चंद्र' घेऊन सुरतेस गेले. तेथील लोकांना दोन आण्यांत सहा तासांचें नाटक पाहण्याची संवय. तीन आणे मोजून दीड तासाचा खेळ कोण पाहणार? फाळक्यांनीं जाहिरात काढली कीं, ५७,००० छायाचित्रांचा हा खेळ, दोन मैल लांबीचें हें चित्र, आणि तें सारें अवघ्या तीन आण्यांत! या जाहिरातींतील आंकड्यांचा हिशेब शेवटीं येईलच.

त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंत, प्ररोचनेचा एक नवा प्रकार जन्म घेत होता. आज ज्याला ट्रेलर म्हणतात तो हाच. दोन-अडीच मिनिटांची ही फीत चित्रपटाआधीं पडद्यावर येते, आणि प्रेक्षकाच्या खिशांतील पुढच्या आठवड्याचे पैसे आजच बांधून ठेवते. त्यांतहि देमार चित्रपटांचा ट्रेलर हा या कलेचा सर्वांत घोटलेला नमुना. घोडदौड, पाठलाग, आगीचे लोळ आणि एकटा नायक हीं त्याचीं ठरलेलीं साधनें. तीं इतकीं ठरलेलीं असूनहि दर वेळीं फळाला कां येतात, आणि त्यांच्या बळावर दिलेलें वचन चित्रपट पुरें करतो कीं नाहीं, हे दोन प्रश्न या इतिहासाच्या मुळाशीं आहेत.

ट्रेलर हा शब्दच मुळांत उलटा आहे. त्याचा अर्थ मागून ओढत येणारा. आणि हा तर चित्रपटाच्या आधीं येतो. कारण असें कीं, प्रारंभीं ही फीत मुख्य खेळाच्या शेपटाला जोडलेली असे. १९१३ सालीं न्यूयॉर्क येथील मार्कस लो यांच्या नाट्यगृहांचे प्रसिद्धिप्रमुख निल्स ग्रॅनलंड यांनीं 'दि प्लेझर सीकर्स' या संगीत नाटकाच्या तालमींची एक लहानशी फीत दाखविली. तिचा उल्लेख अशा प्रकारची पहिली झलक म्हणून केला जातो. खेळ संपल्यावर लोक उठूं लागतात हें ध्यानांत आल्यावर ही फीत पुढें खेळाच्या आरंभीं आली. नांव मात्र शेपटाचेंच राहिलें.

देमार चित्रपटांच्या ट्रेलरला खरें वळण लागलें तें मालिकापटांनीं. १९१३ च्या डिसेंबरांत सेलिग कंपनीची 'दि ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन' ही मालिका सुरू झाली. तिची कथा एकीकडे शिकागोच्या 'ट्रिब्यून' पत्रांत छापून येई, दुसरीकडे पडद्यावर दिसे. गंमत अशी कीं, ही कथा घडते ती हिंदुस्थानांतील एका कल्पित संस्थानांत. सिंह, हत्ती आणि कारस्थानी दरबारी यांच्या तावडींत सांपडलेली अमेरिकन तरुणी ही तिची नायिका. पुढच्याच वर्षीं पर्ल व्हाइट या नटीची 'दि पेरिल्स ऑफ पॉलिन' ही मालिका आली आणि गाजली. या मालिकांनीं एक साधें तत्त्व पक्कें केलें: संकट दाखवावें, सुटका राखून ठेवावी. नायिकेवर प्रसंग गुदरला आहे, आतां ती वांचेल कशी, एवढा प्रश्न प्रेक्षकाच्या हातीं देऊन पडदा पांढरा करावा. पुढें शंभर वर्षें देमार चित्रपटांचा प्रत्येक ट्रेलर याच तत्त्वावर उभा राहिला आहे.

अमेरिकन मालिका मूकपटांच्या काळांत हिंदुस्थानांतहि आवडीनें पाहिल्या जात. त्यांचा आणि डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचा संस्कार घेऊनच मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' १९३५ सालीं पडद्यावर आला. नादिया या ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्या नटीनें तोंडावर मुखवटा चढवून, हातांत चाबूक घेऊन अन्यायी लोकांना लोळविलें, आणि 'फिअरलेस नादिया' हें बिरुद तिच्या नांवाला कायमचें चिकटलें. पुढच्या चित्रपटांत तिच्या 'पंजाब का बेटा' नांवाच्या घोड्यालासुद्धां स्वतःचा चाहता वर्ग लाभला. अशा चित्रपटाच्या जाहिरातींत मुखवटा, चाबूक आणि घोडा एवढें दाखविलें कीं पुरें होई. कथा कोणती, राज्य कोणाचें, हें कोणी विचारीत नसे.

यालाच संकेत म्हणतात. दशावतारी खेळांत काळ्या वेषांतला संकासुर पुढें आला कीं कोंकणांतल्या लहान पोरालाहि आतां काय व्हावयाचें तें कळतें. तें कळल्यामुळें त्याची गोडी कमी होत नाहीं, उलट वाढते. संकेत हे वेळ वांचवितात. कादंबरीला जें सांगावयास पन्नास पानें लागतात, तें संकेताच्या बळावर एका क्षणांत सांगून होतें, आणि ट्रेलरजवळ तर क्षणच असतात. धुळीनें माखलेला घोडेस्वार एकटाच गांवांत शिरतांना दिसला, कीं हा नायक, हें गांव पीडलेलें, आणि शेवटीं भर रस्त्यांत दोघांची गांठ पडणार, इतकें सारें न बोलतां समजतें. मग ट्रेलरला उरते ती एकच गोष्ट सांगावयाची: या वेळीं निराळें काय आहे? जुनें इतकें कीं भरंवसा वाटावा, नवें इतकें कीं कुतूहल वाटावें. देमार चित्रपटांच्या जाहिरातीचें सारें शास्त्र या दोन मापांत आहे.

१९१९ सालीं न्यूयॉर्क येथें नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही संस्था निघाली. मोठमोठ्या चित्रसंस्थांनीं पुढें आपल्या ट्रेलरांचें काम तिच्यावर सोंपविलें, आणि सुमारें चार दशकें अमेरिकेंतील या धंद्यावर तिचें जवळजवळ एकछत्री राज्य होतें. एकाच कारखान्यांतून माल बाहेर पडूं लागल्यावर त्याला एकच घाट येणें स्वाभाविक होतें. पडद्यावर आडवींतिडवीं धांवत येणारीं मोठालीं अक्षरें, 'पाहा!' 'पाहा!' असे पुकारे, विशेषणांचा वर्षाव आणि निवेदकाचा भारदस्त आवाज, हा त्या काळचा थाट. १९३८ च्या 'दि ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' सारख्या रंगीत साहसपटाला तलवार, धनुष्य, किल्ल्याचा जिना आणि एरॉल फ्लिनचें हंसू यांपलीकडे प्ररोचनेसाठीं फारसें कांहीं लागत नव्हतें. या आरडाओरड्यांत एक सचोटीहि होती. जत्रेंतल्या तंबूबाहेर उभा राहून ओरडणारा माणूस जसा आपण विकणारे आहों हें लपवीत नाहीं, तसाच हा ट्रेलर होता.

१९६२ सालीं 'डॉक्टर नो' या चित्रपटानें जेम्स बाँड पडद्यावर आला, आणि संकेतांना जणूं व्यापारी छाप मिळाली. बंदुकीच्या नळींतून दिसणारा माणूस ही मॉरिस बाइंडर यांची कल्पना, आणि माँटी नॉर्मन यांची जॉन बॅरी यांनीं सजविलेली ती धून, हीं दोन्ही बाँडपटांचीं राजमुद्रेसारखीं चिन्हें झालीं. नट बदलले, मोटारी बदलल्या, शत्रु बदलले. पण नळींतलें तें वर्तुळ आणि ती धून एवढ्यानें प्रेक्षक आपल्या ओळखीच्या घरीं आल्यासारखा होई.

तथापि ट्रेलरच्या हातीं खरी सत्ता आली ती १९७५ सालीं. त्यापूर्वीं अमेरिकेंत पुष्कळ मोठे चित्रपट आधीं थोड्या शहरांत लागत, मग हळूहळू सर्वत्र पसरत. या अवधींत ज्यांनीं पाहिलें ते इतरांना सांगत, आणि चित्रपट तरला वा बुडाला तो बहुतांशीं या तोंडच्या कीर्तीनें. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'जॉज' या थरारपटासाठीं युनिव्हर्सल कंपनीनें निराळा मार्ग धरला. प्रदर्शनाच्या वेळीं दूरदर्शनावरील जाहिरातींवर सुमारें सात लक्ष डॉलर खर्च करून २० जून १९७५ रोजीं तो चित्रपट एकाच दिवशीं चारशेंहून अधिक चित्रगृहांत लावला. जॉन विल्यम्स यांचे ते दोन स्वर ऐकले कीं मासा न दिसतांहि अंगावर कांटा येई. चित्रपटाला अफाट यश लाभलें आणि सर्वांनीं हाच धडा गिरविला. पण या धड्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाहीं. पहिल्या तीन दिवसांतच कमाईचा निकाल लागूं लागला, म्हणजे ज्यांनीं चित्रपट पाहिला नाहीं अशांनाच तो आधीं विकणें भाग पडलें. शेजाऱ्याचें मत येऊन पोहोंचण्यापूर्वीं तिकीट घेतलें गेलें पाहिजे. शेजाऱ्याची जागा ट्रेलरनें घेतली. शेजारी मात्र चित्रपट वाईट असला तर वाईट म्हणत असे.

या नव्या शेजाऱ्याला आवाज दिला तो डॉन लाफाँटेन यांनीं. १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं हें काम आरंभिलें, आणि २००८ सालीं त्यांचें निधन झालें तोंवर पांच हजारांवर ट्रेलरांना त्यांचा खर्जांतला आवाज लाभला होता. 'अशा एका जगांत, जेथें...' ही त्यांची सुरुवात इतकी प्रसिद्ध झाली कीं पुढें तिची थट्टा होऊं लागली. पण थट्टा करणाऱ्यांनीं तिचें कसब ओळखावें. प्रेक्षक आपल्या घरचे विचार डोक्यांत घेऊन बसलेला असतो. त्याला एका श्वासांत दुसऱ्या जगांत नेऊन ठेवावयाचें असतें. कीर्तनकार 'कोणे एके काळीं' म्हणतो तें याचसाठीं.

अमेरिकेंतील निर्मात्यांच्या संघटनेनें ट्रेलरला अडीच मिनिटांची मर्यादा घालून दिली, आणि या चौकटींत देमार चित्रपटांच्या ट्रेलरची रचना एखाद्या वृत्तासारखी बांधून निघाली. तिचे ढोबळपणें तीन भाग पडतात. पहिल्या भागांत शांतता: नायक संसारांत रमलेला, किंवा जुनें काम सोडून दूर राहिलेला. दुसऱ्यांत विघ्न: कोणी पळविलें, कोणी मारलें, किंवा जुना अधिकारी दारीं येऊन 'तुझ्यावांचून हें काम कोणाकडून होणार नाहीं' म्हणाला. तिसऱ्या भागांत मात्र कथा थांबते आणि लय सुरू होते. दृश्यें उत्तरोत्तर आंखूड होत जातात, उडी, स्फोट, पाठलाग, किंकाळी यांची सरबत्ती लागते, आणि ऐन टोंकावर एकाएकीं सारें स्तब्ध होतें. काळोख; मग चित्रपटाचें नांव; आणि नांवानंतर एखादें चुरचुरीत वाक्य किंवा आणखी एक उडी. तबल्यावर तिहाई येऊन समेवर पडावी आणि श्रोत्यांनीं मान डोलवावी, तसाच हा परिणाम. पॉलिनच्या मालिकेंतलें राखून ठेवलेलें उत्तर येथें त्या काळोखांत असतें.

लयीसाठीं संगीत हवें, आणि ट्रेलर तयार होतो तेव्हां चित्रपटाचें संगीत बहुधा पुरें झालेलें नसतें. त्यामुळें दुसरीकडचें संगीत उसनें घेण्याची चाल पडली. क्लिंट मॅन्सेल यांनीं 'रेक्विएम फॉर अ ड्रीम' (२०००) या व्यसनांच्या करुण कथेसाठीं रचलेली धून मोठ्या वाद्यवृंदावर चढवून 'दि टू टॉवर्स' (२००२) या युद्धपटाच्या ट्रेलरला वापरली गेली, आणि तेव्हांपासून ती पराक्रमाची धून म्हणूनच लोकांच्या कानांत बसली. २०१० सालच्या 'इन्सेप्शन'च्या जाहिरातींतील पितळी वाद्यांचा तो प्रचंड हुंकारहि असाच; पुढें कित्येक वर्षें देमार चित्रपटांचे ट्रेलर त्याच हुंकारानें गर्जत होते. नवी म्हणून आलेली गोष्ट अशी पाहतां पाहतां संकेत बनते.

संकेतांची भाषा इतकी सर्वांच्या अंगवळणीं पडली कीं धंद्यांतले लोक एका चित्रपटाचें वर्णन दुसऱ्याच्या नांवानें करूं लागले. १९८८ च्या 'डाय हार्ड'मध्यें एका उंच इमारतींत अडकलेला एकटा पोलीस दरोडेखोरांशीं झुंजतो. पुढें युद्धनौकेवरील 'अंडर सीज' (१९९२) म्हणजे जहाजावरचा 'डाय हार्ड', आणि 'स्पीड' (१९९४) म्हणजे बसमधला 'डाय हार्ड', अशी ओळख रूढ झाली. प्रेक्षकाला जुनें आणि नवें यांचें प्रमाण एका वाक्यांत कळलें.

येथवर प्ररोचना आपल्या मर्यादेंत होती. तिनें ती कशी ओलांडली याचें ठळक उदाहरण म्हणजे 'टर्मिनेटर २' (१९९१). या चित्रपटाची पहिली छोटी झलक स्टॅन विन्स्टन यांनीं मुद्दाम चित्रित केली होती. कारखान्यांत यंत्रमानव घडत आहेत आणि त्यांना अर्नोल्ड श्वार्झनेगरचा चेहरा मिळत आहे, एवढेंच तींत होतें. तें दृश्य चित्रपटांत नव्हतें, पण चित्रपटाविषयीं खोटेंहि कांहीं सांगत नव्हतें. शुद्ध प्ररोचनाच ती. परंतु नंतरच्या ट्रेलरांनीं घात केला. पहिल्या चित्रपटांत मारेकरी असलेला यंत्रमानव या वेळीं मुलाचा रक्षक आहे, ही गोष्ट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनीं चित्रपटांत बराच वेळ झांकून ठेवली आहे. दोघेजण मुलाला शोधीत आहेत, त्यांतला तारणारा कोण आणि मारणारा कोण, या संशयावरच आरंभींचीं दृश्यें रचलीं आहेत. ट्रेलरनें हें उत्तर आधींच फोडलें. तिकिटें खपलीं, हें खरें; पण दिग्दर्शकानें प्रेक्षकासाठीं बांधलेला एक आनंद जाहिरातीनें त्याच्या हातून काढून घेतला. याउलट आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९६० सालीं 'सायको'च्या ट्रेलरमध्यें स्वतःच रिकामें घर हिंडून दाखविलें, सहा मिनिटें गप्पा मारल्या, आणि खरी गोष्ट पोटांतच ठेवली.

घात करण्याचा दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. २०११ सालीं निकोलस विंडिंग रेफ्न यांचा 'ड्राइव्ह' हा चित्रपट आला. कान येथील महोत्सवांत त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळालें होतें. चित्रपट संथ, अबोल आणि उदास. त्याच्या जाहिरातींत मात्र मोटारी, पाठलाग आणि हाणामारी यांची माळ ओंवलेली होती. मिशिगन राज्यांतील एका प्रेक्षक बाईंनीं वितरकावर दावाच लावला. 'फास्ट अँड फ्युरियस'च्या जातीचा शर्यतीचा चित्रपट असल्याचें भासवून प्रत्यक्षांत मोटारी हांकणें फारच थोडें दाखविलें, तेव्हां तिकिटाचे पैसे परत मिळावे, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयानें ती मान्य केली नाहीं. लोकांनीं या दाव्याची टवाळी केली. पण त्यामागील तक्रार हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ट्रेलरमधील मोटारी आणि मारामाऱ्या चित्रपटांत होत्याच. खोटें कांहीं असेल तर तें त्यांच्या ओंवणींत. तीं चित्रें ज्या क्रमानें आणि ज्या लयीनें आलीं, ती लय प्रेक्षकाला आपल्या ओळखीच्या एका जातीचें नांव सांगत होती. संकेत हे शब्दांहून लवकर बोलतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडून न बोललेलें खोटें वदविणें सोपें जातें.

असा प्रश्न महाराष्ट्रांतूनहि न्यायालयापुढें गेला. २०१६ सालीं आलेल्या 'फॅन' या हिंदी चित्रपटाच्या झलकींत जें गाणें होतें तें चित्रपटांत नव्हतें, म्हणून त्या वेळच्या औरंगाबादेंतील एका शिक्षिकेनें ग्राहक म्हणून दाद मागितली. जिल्हा मंचानें तक्रार फेटाळली; राज्य आयोगानें दहा हजार रुपये भरपाई आणि पांच हजार रुपये खर्च देवविला; राष्ट्रीय आयोगानें तें कायम केलें. शेवटीं २२ एप्रिल २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. ट्रेलर हा करारांतला प्रस्ताव नव्हे, आणि त्यांत दिसलें तें सारें चित्रपटांत असेलच असें वचन त्यांतून निघत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. अमेरिकेंत २०२२ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील एका न्यायाधीशांनीं निराळा सूर लावला होता. 'यस्टर्डे' या चित्रपटाच्या ट्रेलरमध्यें दिसलेली नटी चित्रपटांत नाहीं, या तक्रारींत त्यांनीं ट्रेलरला व्यापारी जाहिरात मानलें, आणि फसव्या जाहिरातीचा कायदा त्याला लागूं शकतो असें म्हटलें. मात्र अमुक नटी किंवा अमुक दृश्य आहे कीं नाहीं एवढ्यापुरतेंच.

म्हणजे कायद्याचा हात फार तर चित्रांच्या मोजणीपर्यंत पोहोंचतो, त्यांच्या लयीपर्यंत नाहीं. ती पारख प्रेक्षकालाच करावी लागते. गडगडाट ऐकून पाऊस किती पडेल हें शेतकरी जसा अनुभवानें ताडतो, तसा सराईत प्रेक्षक ट्रेलरच्या हुंकारांतून चित्रपटाचा अंदाज घेतो. आणि एकदां फसला तर दुसऱ्या खेपेला तो हुंकार त्याला पोकळ वाटतो. संकेतांची नाणीं खोटीं पाडलीं तर धंद्यालाच महाग पडतें तें याचमुळें. तीं नाणीं एका संस्थेच्या टांकसाळींत पडलेलीं नसतात; पॉलिन आणि नादियापासूनच्या प्रत्येक चित्रपटानें दिलेलें वचन पाळून त्यांना मोल आणलेलें असतें.

आतां फाळक्यांचा तो हिशेब. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारें ३,७०० फूट होती, आणि त्या फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. गुणाकार केला तर एकूण चित्रें ५९,००० च्या वर भरतात. म्हणजे ५७,००० चें वचन पुरें होऊन वर कांहीं उरलें. दोन मैलांचा आंकडा मात्र तितका सोंवळा नाहीं. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलाहूनहि कमी. पहिली गोष्ट खरी, दुसरी जवळजवळ तिप्पट फुगविलेली. परंतु सुरतेंत तीन आणे देऊन आंत शिरलेला माणूस फुटपट्टी घेऊन बसला नव्हता. त्याला हलतीं, चालतीं, जिवंत चित्रें पाहावयाचीं होतीं, आणि पडद्यावर तीं त्याला खरोखर दिसलीं.